पेटी कुठे ठेवायची? मधमाशीच्या घराची गोष्ट

या भागात एका लाकडी पेटीचा इतिहास आहे. ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हा नेहमीप्रमाणे लेखी भाग. बोलताना मी जिथे जिथे अडखळलो तेवढं काढलंय, बाकी जवळपास तसंच आहे.

सुरुवात गोराईपासून करू. बोरिवलीच्या जेट्टीवरून होडी घ्यायची, खाडी ओलांडायची, की दहा-पंधरा मिनिटांत तुम्ही वेगळ्याच मुंबईत येता. पलीकडे माझ्या आत्याची छोटी वाडी आहे. विहीर, सात-आठ नारळ, शेवगा, आणि उरलेल्या जागेत भाजी. काही वर्षांपूर्वी तिच्या लक्षात आलं की भोपळ्याला फुलं भरपूर येतात, पण फळं धरत नाहीत. काकडीचंही तेच. कुणीतरी सांगितलं, माशा कमी झाल्यात, मधाची पेटी ठेव. आत्याने पाच दिवसांचं प्रशिक्षण घेतलं आणि दिवाळीनंतर माशांसकट एक पेटी घरी आणली.

पेटी ठेवली घराच्या पश्चिमेच्या भिंतीला. का? तर समुद्राची हवा लागेल, माशांना बरं वाटेल! थंडी छान गेली, उन्हाळाही गेला. जुलैत पाऊस जरा उघडला म्हणून तिने झाकण काढलं, तर आत एकही माशी नाही. चौकटींवर जाळ्या आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या. मेणपतंगाच्या.

आत्या मला फोनवर म्हणाली, "अरे, घर दिलं, भाडं घेतलं नाही, साखरेचा पाक पाजला, तरी गेल्या. निरोपसुद्धा नाही."

मला वाटलं, प्रशिक्षणात काहीतरी राहिलं असेल. मग मी तिची वही बघितली. पेटीचे भाग, चौकटींची संख्या, मध काढायचं यंत्र, सगळं नीट उतरवलेलं. पेटी कुठे ठेवायची याबद्दल मात्र एकच ओळ होती: "योग्य जागी ठेवावी."

ही योग्य जागा म्हणजे कुठली? हा प्रश्न घेऊन मी मागे मागे जात राहिलो. आजचा भाग त्यातूनच तयार झाला.

पेटीच्या आधी

आधी माशांची ओळख करून घेऊ, कारण सगळ्या मधमाश्या पेटीत राहत नाहीत. आपल्याकडे मुख्य चार प्रकार दिसतात. आग्या माशी सगळ्यात मोठी. कड्याच्या खाली, उंच झाडाच्या फांदीला तिचं एकच भलंमोठं उघडं पोळं लटकतं. फुलोरी अगदी लहान, झुडपात तळहाताएवढं पोळं बांधते. पोया माशीला नांगी नसते, ती भिंतीच्या फटीत, पोकळ बांबूत, जुन्या मीटरच्या खोक्यातसुद्धा राहते. आणि चौथी सातेरी. तिला अंधारी, बंद पोकळी लागते. झाडाची ढोली, दगडी बांधातली कपार, पडक्या घराची भिंत. आत ती एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते. सात पोळी म्हणून सातेरी, असं सांगतात.

आग्या आणि फुलोरी उघड्यावर राहणाऱ्या. त्यांना पेटीत घालायचा प्रयत्न केला तरी त्या थांबत नाहीत. सातेरीला बंद खोली आवडते, म्हणूनच माणूस तिला घर देऊ शकला. पेटीचा हा सगळा इतिहास शक्य झाला तो माशीच्या या एका सवयीमुळे.

घर देण्याआधी अर्थातच आपण फक्त घर मोडत होतो. मध्य प्रदेशात पचमढीच्या डोंगरात जुनी शैलचित्रं आहेत. त्यात माणसं पोळ्यापर्यंत चढून मध काढताना दिसतात, भोवती माशांचे ठिपके. आपल्या सह्याद्रीत कातकरी आणि ठाकर पिढ्यान् पिढ्या जंगलातला मध काढत आलेत. त्यांना माशी कुठे राहते, कधी येते, कधी जाते, हे नेमकं ठाऊक असतं. या ज्ञानाची वही नसते, पण "योग्य जागा" या विषयात खरी जाणकार मंडळी तीच.

मग कुणीतरी, कधीतरी, माशीला स्वतःच्या घराजवळ बोलावलं. याचं मला सगळ्यात आवडलेलं उदाहरण काश्मीरचं आहे. विल्यम मूरक्रॉफ्ट नावाचा एक इंग्रज पशुवैद्य १८२० च्या दशकात तिथे हिंडला. त्याचं प्रवासवर्णन त्याच्या मृत्यूनंतर, १८४१ मध्ये छापलं गेलं. त्यात तो लिहितो की काश्मिरी शेतकरी घर बांधतानाच भिंतीत माशांसाठी जागा सोडतात. भिंतीच्या आरपार मातीची आडवी नळी. बाहेरच्या तोंडाला माशांपुरतं छोटं भोक, आतल्या तोंडाला मातीचं झाकण. मध काढायचा तर घरातल्या खोलीत बसून झाकण काढायचं, गवताचा धूर फुंकायचा, माशा बाहेरच्या बाजूला सरकल्या की पोळं कापायचं.

विचार करा, काय सोय आहे! जाड भिंतीमुळे आत थंडी-ऊन कमी. दार घराबाहेर, त्यामुळे माणसांची आणि माशांची वाट वेगळी. पावसाचं पाणी आत नाही, अस्वल सहज पोचणार नाही. म्हणजे कुठे ठेवायचं हे आधी ठरलं, भांडं कसलं वापरायचं ते नंतर. हिमाचल आणि कुमाऊंच्या जुन्या घरांतही भिंतीतले असे कोनाडे सापडतात.

बोटाच्या पेराहून अरुंद एक वाट

आता पेटीकडे येऊ. ढोलीत किंवा भिंतीत एक अडचण कायम होती. पोळी छताला आणि भिंतींना चिकटलेली. मध काढायचा म्हणजे कापायचं, आणि कापताना पिल्लंही मरायची.

१८५१ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात लॉरेन्झो लँगस्ट्रॉथ नावाच्या धर्मोपदेशकाच्या लक्षात एक साधी गोष्ट आली. पोळ्याभोवती माशा ये-जा करायला ठरावीक रुंदीची वाट मोकळी ठेवतात, साधारण ९ मिलिमीटरची. फट याहून खूप अरुंद असली तर त्या ती झाडाच्या डिंकाने बुजवतात. याहून रुंद असली तर तिथे आणखी पोळं बांधतात. पण बरोबर तेवढीच असली तर ती मोकळी सोडतात. मग त्याने पेटीत लाकडी चौकटी अशा टांगल्या की प्रत्येक बाजूला तेवढीच वाट राहील. आता चौकट पुस्तकासारखी उचलता आली, बघता आली, परत ठेवता आली. १८५२ मध्ये त्याने पेटंट घेतलं. आजही जगभरातल्या मधपेट्या याच तत्त्वावर चालतात.

म्हणजे पेटीचा शोध लाकडात नव्हता. माशीने सोडलेली रिकामी जागा त्या माणसाने नीट पाहिली, एवढंच.

ही पेटी भारतात यायला तीसेक वर्षं लागली. १८८० च्या दशकात बंगालमध्ये, पंजाबमध्ये प्रयोग झाले. जॉन डग्लस नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८८४ मध्ये भारतातल्या मधमाशीपालनावर पुस्तकही काढलं. पण हे प्रयोग फारसे रुजले नाहीत. युरोपातली माशी मोठी, तिचा संसार मोठा, तिची पेटी मोठी. आपली सातेरी अंगाने लहान, तिचं कुटुंब लहान, तिची ती मधली वाटसुद्धा थोडी अरुंद. वन रूम किचनमध्ये राहणाऱ्या माणसाला एकदम बंगला दिला तर तो झाडूनच दमेल. सातेरीचंही तसंच होतं. मोठी पोकळी तिला राखता येत नाही, मोकळ्या कोपऱ्यांत मेणपतंग शिरतो.

हे ओळखलं एका पाद्र्याने. रेव्हरंड न्यूटन. सफरचंदवाले नव्हेत! हे त्रिचनापल्लीचे, म्हणजे आजच्या तिरुचिरापल्लीचे. १९१० च्या सुमारास त्यांनी सातेरीच्या बेताची छोटी पेटी बनवली आणि पुढची काही वर्षं आसपासच्या गावकऱ्यांना ती वापरायला शिकवली. त्या पेटीला आजही न्यूटन पेटी म्हणतात. खाली तळपाट, त्यावर पिल्लांचा कोठा, त्यावर मधाचा कोठा, मग झाकण. आत्याच्या वाडीत जी रिकामी पडली होती, ती याच घराण्यातली.

वर्धा, पार्ले, बोरिवली

आता गोष्ट आपल्या लोकल ट्रेनच्या मार्गावर येते.

१९२८ मध्ये शेतीविषयक रॉयल कमिशनने अहवाल दिला, त्यात मधमाशीपालन हा गावासाठी चांगला जोडधंदा म्हणून आला. डिसेंबर १९३४ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार. हातसडीचा तांदूळ, तेलघाणी, गूळ, हातकागद, आणि त्यातच मधमाशीपालन. यामागचा विचार साधा होता. ज्याच्याकडे जमीन नाही किंवा अगदी थोडी आहे, त्यालाही पेटी ठेवता येते. माशी शेजाऱ्याच्या शेतातून मध आणते आणि शेजाऱ्याचं नुकसान होत नाही, उलट पीक वाढतं.

स्वातंत्र्यानंतर १९५३ मध्ये अखिल भारतीय खादी आणि ग्रामोद्योग मंडळ आलं, आणि एप्रिल १९५७ मध्ये त्याच्या जागी खादी आणि ग्रामोद्योग आयोग. या आयोगाचं मुख्यालय आज कुठे आहे? दिल्लीत नाही. विलेपार्ले पश्चिमेला, इर्ला रोडवर. 'ग्रामोदय' असं त्या इमारतीचं नाव आहे. तुमच्यातले कित्येक जण कॉलेजला जाताना रोज तिच्यासमोरून गेले असतील. देशभरातल्या खेड्यांत मधपेट्या पोचवणाऱ्या संस्थेचा कारभार आपल्या पार्ल्यातून चालतो.

बोरिवलीकरांनो, तुमचंही आहे. कोरा केंद्र म्हटलं की तुम्हाला नवरात्रीतला गरबा आठवतो, नाहीतर उड्डाणपुलावरचा ट्रॅफिक. पण ते नाव ग्रामोद्योगाच्या कामातून आलंय. शिंपोलीला सी. बी. कोरा ग्रामोद्योग संस्था आहे, खादी आयोगाची प्रशिक्षण संस्था. ग्रामोद्योग, आणि बोरिवलीत? हसू नका. कारण तेव्हा बोरिवली खरंच गाव होतं.

आता एक तारीख लक्षात ठेवा. १ फेब्रुवारी १९५७. त्या दिवशी बृहन्मुंबईची हद्द वाढली आणि पश्चिमेला दहिसरपर्यंत, पूर्वेला मुलुंडपर्यंतचा भाग शहरात आला. म्हणजे फेब्रुवारीत बोरिवली-मुलुंडची गावं महानगरात गेली आणि एप्रिलमध्ये गावांचे उद्योग वाढवणारा आयोग सुरू झाला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध नाही. पण पुढच्या काही दशकांत काय झालं ते आपण पाहतोच. ज्या उपनगरातून गावांना पेट्या गेल्या, त्याच उपनगरातली अंगणं एकेक करून संपली. उरली ती तुकड्या-तुकड्यांत. गोराई, मनोरी, मढची गावं. आरेतले वारली पाडे. अंधेरी-मरोळच्या गावठाणांतल्या चिंचोळ्या परसबागा. आणि मधोमध सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान.

संशोधनाचं केंद्र मात्र पुण्याला झालं. १९६२ मध्ये आयोगाने तिथे केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था काढली. महाबळेश्वरला राज्याच्या खादी मंडळाचं मध संचालनालय आहे. मे २०२२ मध्ये महाबळेश्वरजवळचं मांघर 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं, देशातलं पहिलं. मांघरला काय आहे जे आपल्याकडे नाही? जंगल लागून आहे, घरोघरी पेटी ठेवायला जागा आहे, आणि मुख्य म्हणजे शेजाऱ्याकडेही पेटी आहे. तिथे माशी चावली म्हणून कुणी वॉचमनला बोलावत नाही.

एकाच जागी गर्दी झाली की

इतिहासात एक वाईट पान पण आहे, ते वगळून चालणार नाही.

१९९१-९२ मध्ये दक्षिण भारतात सातेरीच्या पेट्यांमध्ये पिल्लं मरायला लागली. अळी कोषात जाण्याआधीच मरायची आणि पाण्याच्या पिशवीसारखी दिसायची. हा विषाणू १९७६ मध्ये थायलंडमध्ये ओळखला गेला होता, म्हणून थाई सॅकब्रूड. थोड्या काळात दक्षिणेतल्या बहुतांश वसाहती गेल्या. पिढ्यान् पिढ्या मधावर संसार चालवणाऱ्या घरांत रिकाम्या पेट्या राहिल्या. त्यानंतर अनेकांनी युरोपियन माशी धरली, म्हणजे मेलिफेरा. ती १९६० च्या दशकात हिमाचल-पंजाबात यशस्वीपणे रुजवली गेली होती. ती मध जास्त देते, पण तिला फुलांची मोठमोठी शेतं लागतात. मोहरी संपली की सूर्यफूल, मग आणखी काही, अशा पेट्या ट्रकमधून फिरवाव्या लागतात. गोराईच्या वाडीत ट्रक आणून काय करणार?

रोग कुणी मुद्दाम आणला नव्हता. पण पेट्या खेटून ठेवल्या की माशा घर चुकतात, शेजारच्या पेटीत शिरतात, दुबळ्या पेटीतला मध लुटतात. सोबत रोगही जातो. दोन पेट्यांत निदान सहा फुटांचं अंतर ठेवा आणि दारं वेगवेगळ्या दिशांना करा, असं जाणते मधपाळ सांगतात, ते यासाठी.

दुसरी पेटी

परत गोराईला. पुढच्या हिवाळ्यात आत्याने दुसरी वसाहत आणली. या वेळी पेटी ठेवण्याआधी ती चार दिवस वाडीत नुसती फिरली. सकाळी ऊन कुठे येतं, दुपारी सावली कुठे असते, पाणी कुठे साचतं. मी तिला विचारून ही यादी केली. प्रत्येक गोष्टीमागे कारण आहे, ते धरून ठेवा.

दार पूर्वेला किंवा आग्नेयेला. सकाळचं ऊन दारावर पडलं की माशा लवकर कामाला निघतात. आपल्याकडे पावसाळी वारा समुद्राकडून, नैर्ऋत्येकडून येतो. पश्चिमेला तोंड म्हणजे चार महिने दारातून पाण्याचा मारा. पहिली पेटी इथेच गेली.

दुपारी सावली, पण दाट काळोखी नाही. नारळाखाली पेटी नको, झाप किंवा नारळ पडला तर संपलंच. शेवग्याची विरळ सावली बरी.

पेटी जमिनीवर नाही, स्टँडवर. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत, कारण मुंग्या. वाटीतलं पाणी आटलं तर एका रात्रीत मुंग्यांची रांग लागते. आणि पेटी पुढच्या बाजूला किंचित उतरती, म्हणजे आत गेलेलं पाणी दारातून बाहेर.

दारासमोर दहा-बारा फूट मोकळं. माशा विमानासारख्या ठरलेल्या वाटेने उतरतात. त्या वाटेत माणूस उभा राहिला तर त्या बिथरतात. समोर कुंपण किंवा उंच झुडूप असलं तर माशा वर चढून जातात आणि माणसांच्या डोक्यावरून उडतात.

रात्रीचा दिवा दारासमोर नको. आणि पावसाळ्यात बाहेर फुलं कमी, त्यातून झड, तेव्हा साखरेचा पाक द्यावा लागतो. नाहीतर सातेरी सरळ घर सोडते. ती मेलिफेरासारखी चिवट भाडेकरू नाही. मुंग्या, ऊन, उपास, सारखी उघडझाप, यातलं काहीही झालं की ती उठून जाते.

हे सगळं पाहून आत्याने पेटी पूर्वेच्या कुंपणापाशी ठेवली. सगळं छान झालं. भोपळे धरले, काकडी धरली. आणि मार्चमध्ये शेजारचे काका दारात आले. त्यांच्या तीन वर्षांच्या नातीला धुण्याच्या दगडापाशी माशी चावली होती. गाल सुजलेला, पोर रडून रडून झोपलेली. ते चिडले नव्हते, घाबरले होते. म्हणाले, "ताई, तुमचे भोपळे चांगले येवोत, पण आमचं पोर अंगणात खेळायला पाहिजे ना? पेटी त्या पलीकडच्या कोपऱ्यात सरकवा."

मागणी रास्त होती. पन्नास फुटांचा तर प्रश्न. पण इथेच खरी मेख आहे. कामावर जाणारी माशी घराची जागा लक्षात ठेवते, पेटी नाही. पेटी पन्नास फूट सरकवली तर संध्याकाळी सगळ्या माशा जुन्या जागी परत येतात, हवेत घुटमळतात, आणि तिथेच गोळा होऊन मरतात. तेही शेजाऱ्याच्या कुंपणापाशी. म्हणून मधपाळांत जुना नियम आहे, पेटी हलवायची तर दोन-तीन फूट, नाहीतर काही किलोमीटर. मधलं अंतर नाही. रोज फूटभर सरकवता येते, पण दीड-दोन महिने काकांना थांबा म्हणणार कसं?

आत्याने आधी काकांना एक गोष्ट विचारली. माशा तिथे फुलांवर येतात की ओल्या दगडावर? काका म्हणाले, दगडावर. म्हणजे त्या पाण्याला येत होत्या! मार्चच्या उन्हात माशा पाणी नेऊन पोळं थंड ठेवतात. आत्याने वाडीत पाणीच ठेवलं नव्हतं. सगळ्या अभ्यासात हे राहून गेलं. तिने कबूल केलं, माझं चुकलं.

मग त्या रात्री अंधार पडल्यावर, सगळ्या माशा आत आल्यावर, दाराला जाळी लावून पेटी टेम्पोत चढली आणि उत्तनला आत्याच्या नणंदेच्या वाडीत गेली. सातेरी सहसा घरापासून एक-दीड किलोमीटरच्या परिघात फिरते. तिथे सगळा मुलूख नवा, त्यामुळे तिने नव्याने ओळख करून घेतली. साधारण तीन आठवड्यांनी, जुनी वाट माहीत असलेल्या बहुतेक माशांचं आयुष्य संपल्यावर, पेटी परत आली. या वेळी पलीकडच्या कोपऱ्यात, शेवग्याखाली, शेजाऱ्यांकडे पाठ करून. मधे चवळीचा मांडव. आणि पेटीपासून थोड्या अंतरावर एक परात, तिच्यात गोटे आणि पाणी, म्हणजे माशा बुडत नाहीत. ती परात रोज सकाळी काकांची नातच भरते, लांबूनच, आजोबांचा हात धरून.

पहिल्या मधाची बाटली कुणाकडे गेली, हे सांगायला नको.

एक काळजीची गोष्ट. माशी चावली तर नांगी नखाने खरवडून लगेच काढा. पण श्वास लागला, ओठ-जीभ सुजली, चक्कर आली, तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट हॉस्पिटल. काही जणांना खरोखर जिवावर बेततं.

आणि आपण, सोळाव्या मजल्यावरचे?

तुमच्यातल्या बहुतेकांकडे वाडी नाही, हे मला माहीत आहे. माझ्याकडेही नाही. पण माशा आपल्याकडेही येतात. आमच्या सोसायटीत सोळाव्या मजल्याच्या छज्ज्याला दरवर्षी आग्या मोहोळ लागतं. तिच्या दृष्टीने तो कडाच आहे, फक्त सिमेंटचा. दरवर्षी ग्रुपवर तोच मेसेज, "पेस्ट कंट्रोलला बोलवा." आग्या काही महिने राहून स्वतःहून निघून जाते, हे कुणाला ठाऊक नसतं. त्या मजल्यावर खिडकीला जाळी लावली, रात्री तिकडचा दिवा बंद ठेवला, फटाके आणि धूर टाळला, तर बहुतेकदा निभतं. जिथे जिन्याला किंवा शाळेच्या दाराला लागूनच पोळं असेल, तिथे मात्र माशा न मारता हलवणारी जाणकार माणसं बोलवावी लागतात. स्प्रे मारून मेलेल्या माशांचा सडा पडतो, आणि चिडलेल्या माशा सगळ्या इमारतीवर उठतात.

मी हा भाग करायला घेतला तेव्हा वाटलं होतं की हा पेटीचा इतिहास आहे. लँगस्ट्रॉथची वाट, न्यूटनचं माप, खादी आयोगाचा प्रसार. पण काश्मीरच्या त्या भिंतीपासून आत्याच्या शेवग्यापर्यंत पाहिलं तर पेटी हा सोपा भाग निघाला. ती सुतार बनवतो, दुकानात मिळते, योजनेत वाटली जाते. जागा मात्र प्रत्येकाला आपली आपण शोधावी लागते, वाऱ्याला विचारून, उन्हाला विचारून, आणि शेजाऱ्याला विचारून. आत्याच्या वहीत ती एक ओळ अजून आहे, "योग्य जागी ठेवावी." तिने खाली पेनाने लिहिलंय: "आधी काकांशी बोलावं."

तुमच्या गावठाणात, पाड्यात, सोसायटीत पूर्वी कुठे माशा राहायच्या? आजी-आजोबांना विचारा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. निवडक नोट्स पुढच्या भागात ऐकवतो. तोवर, दुपारच्या उन्हात गॅलरीत एक ताटली पाणी ठेवा. गोटे टाकायला विसरू नका. भेटू!